नारिंगी चौकट

सरकारनं आपल्याला काही दिलं, हे जनतेच्या लक्षात राहावं कसं? हंगेरीत व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस पक्षानं २०१३मध्ये यावर थेट कायदाच केला. विजेचे-गॅसचे दर सरकारी हुकमानं उतरवले आणि ग्राहकाचे किती फोरिंट वाचले, तो आकडा प्रत्येक बिलावर नारिंगी चौकटीत छापायला लावला. नारिंगी हा पक्षाचाही रंग, हा योगायोगच म्हणायचा. साबणाच्या पावतीवर अशी चौकट नव्हती. तिथं मूल्यवर्धित कर २७ टक्के, युरोपीय संघात सर्वांत चढा. कंपन्यांच्या नफ्यावर मात्र ९ टक्के, संघात सर्वांत कमी. आवळा बिलावर छापून यायचा, कोहळा पावतीत मुरायचा.

उजव्या लोकानुनयी पक्षांना कल्याणकारी राज्य नको असतं, हा समज आता जुना झाला. हवं असतं, फक्त लाभार्थी वेचून घ्यायचे असतात. हंगेरीत मुलांचा सरसकट भत्ता श्रीमंत-गरीब बघत नाही, म्हणून तो २००८च्याच पातळीवर, एका मुलामागे महिना १२,२०० फोरिंटवर थिजवून ठेवला. करसवलती मात्र फुगत गेल्या, कारण त्या कमावत्याच्याच घरी जातात. २०२०पासून चार मुलांच्या आईला पगारावरचा आयकर जन्मभर माफ! जिला पगारच नाही, तिलाही माफ आहे म्हणा. तिच्या नवऱ्याचा बेकारभत्ता तीन महिन्यांत संपणार. मग सरकारी कामावर रस्ते झाडायचे, किमान वेतनाहून कमी मजुरीत. त्या कामावर कुणाला घ्यायचं यात गावच्या महापौराचा शब्द चालतो. मतदानाच्या दिवशी हा गृहस्थ महापौराला दुखवेल?

यावर समर्थक म्हणतात, बेकारी घटली की नाही? घटली. पण रस्ते झाडणाराही ‘रोजगारात’ मोजला गेला, आणि कित्येकजण ऑस्ट्रिया-जर्मनीत कामाला गेले. जननदर वाढला की नाही? वाढला, २०१०मध्ये बाईमागे सव्वा मूल होतं, २०२१पर्यंत १.६च्या आसपास गेलं. मध्यमवर्गाच्या हातात पैसा खेळला, हेही कबूल. पण २०२४मध्ये तोच जननदर १.४च्याही खाली घसरला. कुटुंबाचा एवढा कैवार घेणाऱ्या सरकारनं २०१८च्या डिसेंबरात वर्षाच्या जादा कामाची मर्यादा २५० तासांवरून ४०० तासांवर नेली, आणि त्याचा हिशेब चुकवायला मालकाला तीन वर्षांपर्यंत मुभा दिली. चौथं मूल हवं, पण बापानं घरी यायचं कधी, याचा कायद्यात उल्लेख नाही.