निशाध्वनिमीमांसा

वनविश्रामगृहात रात्री पंखा बंद पडल्यापासून पहाटे वानरांची टोळी पत्र्यावर उतरेपर्यंतच्या काळात अंथरुणावरील व्यक्तीच्या कानी येणारा, आणि अंथरूण न सोडता ज्याच्या उगमाचा निर्णय केला जातो असा कोणताही आवाज, म्हणजे ‘निशाध्वनी’. व्याख्येतील प्रत्येक पद आवश्यक आहे. विशेषतः ‘अंथरूण न सोडता’ हे पद वगळल्यास संपूर्ण शास्त्र कोसळते. उठून, बॅटरी लावून पाहिलेला ध्वनी निशाध्वनी राहत नाही. तो केवळ उंदीर होतो.

पंख्याच्या अटीविषयी शंका घेतली जाते. पंखा फिरत असताना जंगलात आवाज नसतात काय? असतात, परंतु सांख्यांच्या प्रकृतीप्रमाणे ते अव्यक्त असतात. वीज जाते, पाती दोन-चार गिरक्या घेऊन थांबतात, आणि त्या क्षणी सृष्टीला आरंभ होतो. वीज गेली नाही तर पाहुणा गाढ झोपतो व सकाळी रिक्तहस्त परततो.

या अध्ययनास बुलढाणा जिल्ह्याइतके अनुकूल क्षेत्र दुर्मीळ. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. उत्तरेस सातपुड्याच्या कुशीत, संग्रामपूर तालुक्यात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेले अंबाबरवा. दोन्ही १९९७ साली घोषित झाली. दोन्हींकडे साग, सालई, धावडा, अंजन, मोह असे शुष्क पानझडीचे वन. ही शुष्कताच आमच्या शास्त्राची जननी होय. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पान पडले की कुजते, कुजलेले पान वाजत नाही, म्हणून तेथे हे शास्त्र बाल्यावस्थेतच खुंटले.

वाळलेल्या सागपानाचे निरीक्षण स्वतंत्रपणे करणे इष्ट. फाल्गुन-चैत्रात ते गळते. कडा आत वळतात, शिरा ताठ राहतात, आणि पान जमिनीवर सपाट न पडता दोन-तीन टोकांवर उभे राहते. त्याच्या खाली पोकळी, पोकळीखाली दुसरे पान. भाजलेल्या पापडाप्रमाणे ते कोणत्याही स्पर्शाची वाच्यता करते. दिवसा सातभाई पक्ष्यांचा थवा ही पाने उलटू लागला तर सुशिक्षित माणसेही खुर्चीवरून उठून उभी राहतात. रात्री हेच कार्य उंदीर करतो. यातून आमचा प्रथम सिद्धान्त निघतो, त्यास ‘व्यस्तभारसिद्धान्त’ अशी संज्ञा आहे: ध्वनीची तीव्रता प्राण्याच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. पाच तोळ्यांच्या उंदराचा आवाज रेड्याएवढा. वाघाच्या तळव्यांना गादी असल्याने त्याचा आवाज शून्य.

या सिद्धान्ताची सिद्धता स्वतः एका वाघाने केलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात २०१९ च्या फेब्रुवारीत टी-१-सी-१ या तरुण वाघास रेडिओ कॉलर लावण्यात आली. जूनमध्ये तो निघाला आणि महाराष्ट्राचे सात जिल्हे व तेलंगणाचा काही भाग पालथा घालत, सुमारे ३,००० किलोमीटर चालून ज्ञानगंगेत स्थिरावला. वाटेत शेते, नद्या, महामार्ग सारे आले. पुढे त्यास ‘वॉकर’ हे नाव पडले. तो बहुतांशी रात्री चालत होता, आणि तो कोठे आहे हे कोणाच्या कानांनी नव्हे तर तासातासाला पाठवल्या जाणाऱ्या उपग्रह-नोंदींनी सांगितले. इतक्या लोकवस्तीच्या मुलखातून गेलेला प्राणी पाहुण्याच्या न्हाणीघरामागे मात्र खडबडाट करील, हे गणितात बसत नाही. एप्रिल २०२० मध्ये ती कॉलर काढली गेली. तेव्हापासून कोणताही आवाज त्याचा असू शकतो, अशी व्याघ्रवाद्यांची भूमिका आहे. तिचा परामर्श पुढे येईल.

आता वर्गीकरण.

१. छताश्रित ध्वनी. पत्र्यावर उत्पन्न होतो. याचे ‘पतनज’ व ‘धावनज’ असे दोन भेद. पतनजात मोहाची फुले व वाळक्या काटक्या येतात, धावनजात उदमांजर. पतनज ध्वनी एकच होऊन थांबतो, आणि श्रोता दुसऱ्याची वाट पाहत उजाडेपर्यंत जागा राहतो. त्यामुळे शास्त्रात त्याची कालमर्यादा सहा तास धरली आहे.

२. जलाश्रित ध्वनी. न्हाणीघरातील गळक्या नळाचा थेंब, खाली प्लास्टिकची बादली. बादली रिकामी असता स्वर मंद्र, भरत जाता उच्च. ‘कोणीतरी पाणी पितंय’ हा सार्वत्रिक निष्कर्ष. अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

३. श्वसनाश्रित ध्वनी. हा शास्त्राचा गाभा. ज्ञानगंगेत अस्वलांचा वावर सर्वश्रुत आहे. अस्वलाच्या वरच्या जबड्यात मधले दोन पटाशीचे दात नसतात, नाकपुड्या त्यास मिटता येतात. वारूळ उकरल्यावर ते आधी फुंकर मारून माती उडवते, मग त्या फटीतून वाळवी शोषून घेते. हा आवाज शंभर मीटरहून लांब ऐकू जातो. शेजारच्या खाटेवरील सहप्रवाशाच्या घोरण्याशी त्याचे साम्य इतके गाढ की केवळ श्रवणाने भेद करणे अशक्य, असे प्राचीन मत होते. नव्य पंडितांनी ‘क्रमभेद’ दाखवून ते खोडले: अस्वलाचे आधी फुंकणे, मग ओढणे, मनुष्याचे आधी ओढणे, मग फुंकणे. तथापि मध्येच जागे झालेल्या श्रोत्यास आरंभ कोणता हे ठरवता येत नाही, हा दोष नव्यांच्या मतातही उरतोच.

४. हास्याश्रित ध्वनी. ‘तडस हसलं’ असे पाहुणे सांगतात. खदखदून हसण्याची ख्याती आफ्रिकेतील ठिपकेदार तडसाची. आपले पट्टेदार तडस सहसा गप्प असते. हसले ते पिंगळ्यांचे जोडपे, अथवा जेवणानंतर अंगणात बसलेली पुण्याची मंडळी.

५. अभावध्वनी. वैशेषिकांनी अभावास सातवा पदार्थ मानले, त्याचा प्रत्यय येथे येतो. रातकिडे अकस्मात थांबतात. काहीच वाजत नाही. हा निशाध्वनींतील सर्वांत मोठा आवाज असून यानेच सर्वाधिक माणसे उठून बसतात.

ध्वनी झाल्यावर पुढील मूलसंवाद घडतो, व शास्त्रातील सर्व भाष्ये यावरच रचलेली आहेत:

“अहो, ऐकलंत का?”

“वारा असेल.”

“वारा दार खाजवतो होय?”

या तीन वाक्यांतून तीन संप्रदाय फुटले. प्रथम पृच्छा करणारे ऋक्षवादी, दुसरे वायुवादी. तिसऱ्या वाक्यानंतर वायुवादी गप्प बसतात आणि पांघरूण डोक्यावर घेतात, त्यांना तेथून पुढे ‘प्रच्छन्न-ऋक्षवादी’ म्हणतात. व्याघ्रवादी हा तिसरा संप्रदाय साधारणतः एकट्याने प्रवास करणाऱ्यांत आढळतो. मूषकवादी अल्पसंख्य असून त्यांना दुसऱ्यांदा सहलीस कोणी नेत नाही.

प्रमाणविचारात नैयायिकांची चार प्रमाणे स्वीकारार्ह ठरतात, परंतु प्रत्यक्ष हे व्याख्येनेच बाद होते. अनुमानाची व्याप्ती ‘जेथे खसखस तेथे अस्वल’ अशी. उपमानात पाहुणा घरातील वस्तूंचा आधार घेतो. मिक्सर आणि ओढलेली खुर्ची ही नित्याची उदाहरणे. शब्दप्रमाण म्हणजे चौकीदार. सकाळी चहा ठेवता ठेवता तो म्हणतो, “अस्वल कायचं जी! कुत्रं हाय आपलं, रोजच निजते तठी.” हे आप्तवचन ग्राह्य धरावे काय? ऋक्षवाद्यांचा निर्णय स्पष्ट आहे: अग्राह्य. मात्र तोच चौकीदार पुढच्या वाक्यात “मागच्या महिन्यात विहिरीपावतर आलं होतं” असे म्हणाल्यास ते वचन श्रुतीच्या पदवीस पोहोचते. व्याघ्रवादी मीमांसकांकडून अनुपलब्धी हे प्रमाण उसने घेतात. धुळीत पाऊलखूण नाही. ज्याअर्थी नाही, त्याअर्थी आलेला वाघ अत्यंत सावध होता.

एक व्यावहारिक प्रकरण उरते, ते गमनप्रश्नाचे. न्हाणीघर व्हरांड्याच्या टोकाला असल्यास मध्यरात्री तेथे जावे कसे? शास्त्रात दोनच मार्ग सांगितले आहेत: स्थगन आणि सहगमन. सहगमनात दुसऱ्याने बॅटरी धरून बाहेर उभे राहावे आणि सतत बोलत राहावे. याला लोकाचाराचाही आधार आहे. मोहफुले वेचायला जाणारी आसपासच्या गावची माणसे पहाटे मोठ्याने बोलत, झुडपांवर काठी आपटत चालतात, कारण अस्वल बहुधा अवचित गाठ पडली तरच अंगावर येते. त्यास आधीच चाहूल लागली की ते वाट सोडते. जंगलाला ज्यांचा रोजचा शेजार आहे ते आवाज करतात, आणि दोन रात्रींसाठी आलेले श्वास रोखून आवाज ऐकतात, हा भेद येथे केवळ नोंदवतो. त्यावर मतप्रदर्शन करणे मीमांसकाचे काम नव्हे.

वैशाखातील बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यालगत मचाणावर बसून प्राणीगणना होते, त्यासाठी निसर्गप्रेमी नाव नोंदवून येतात. रात्रभर चंद्रप्रकाशात जागून जे दिसेल ते लिहायचे: रोही किती, रानडुकरे किती, अस्वल आले की नाही. या पद्धतीत दृष्टीस अवास्तव महत्त्व मिळून कर्णेंद्रियावर घोर अन्याय होतो. वनखात्यास आमची नम्र विनंती आहे की, येत्या गणनेपासून प्रपत्रात ‘ऐकलेले’ असा स्वतंत्र रकाना ठेवावा, त्याला लांबी पुरेशी द्यावी, आणि तो भरताना शेजारच्या मचाणावरील घोरणाऱ्यांची संख्या आधी वजा करावी.