तारामाशाचा श्रावण

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, तेव्हा समुद्रातले जीव तिकीट काढून बघायचे असत. आता दादरच्या टू-बीएचकेतच खाऱ्या पाण्याची टाकी आणि तीत तारामासा. त्याला मेंदू नाही, तरी थाट जावयाचा. चिमट्याने कोलंबीचा तुकडा बाहूखाली सरकवायचा, की स्वारी जठरच तोंडाबाहेर काढून जेवण बाहेरच्या बाहेर पचवायला लागते. बुफेच्या रांगेतल्या मंडळींना अजून हे जमलेलं नाही. श्रावणात माणसांना दुधी-पडवळ, आणि कोळणीकडून तिसऱ्यांचा वाटा मात्र ‘त्याच्यासाठी’ येतो. मुकं जनावर म्हणून सासूबाईही चालवून घेतात. वाट्यातल्या उरलेल्या तिसऱ्या कुठे जातात, ते शेजाऱ्यांनी वासावरून ओळखावं. हौस करायचीच तर एक करा, टाकीत नुसतं नळाचं पाणी ओतू नका. गोड्या पाण्यात तारामासा जगत नाही.