घाटातले शेठ

मोटारींची शर्यत हरलेल्या माणसाला निदान एवढं तरी म्हणता येतं की गाडी मी चालवत होतो. शिरूर तालुक्यातल्या बैलगाडामालकाच्या नशिबी तेही नाही. त्याच्या गाड्याला चार बैल असतात, पुढे घोडी असते, घोडीवर जीव मुठीत धरलेला पोरगा असतो. गाड्यावर मात्र चिटपाखरू नसतं. घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, चढून निशाणाला पोचायला 12-13 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात मालकाच्या हातात भंडाऱ्याच्या मुठीशिवाय काहीही नसतं. तरी हा गृहस्थ जन्मभर सांगत असतो, "म्या गाडा पळवलाय." ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात वावगं वाटत नाही.

चैत्र-वैशाखात, यात्रांच्या दिवसांत, तो ओळखायला सोपा. सकाळी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत निघतो आणि संध्याकाळी नखशिखान्त पिवळा होऊन परततो. एरवी गावात त्याला कोणी फारसं विचारत नाही. सोसायटीचा सचिव त्याला नुसत्या नावाने हाक मारतो, तीही थकबाकीच्या यादीतून. पण घाटात स्पीकरवरून पुकारा होतो, "शेठ, गाडा जुंपायला घ्या, शेठ, वेळ घालवू नका," आणि तीन एकर ऊस व दोन कर्जं एवढ्या भांडवलावर हा माणूस शेठ होतो. माझं तर मत असं आहे की निम्मे लोक बैलांसाठी नव्हे, या दोन अक्षरांसाठीच गाडा ठेवतात. लाख-दोन लाखांत पदवी मिळते आहे. अभियांत्रिकीची याहून महाग पडते आणि घाटात तिला कोणी विचारत नाही.

मग तो क्षण येतो. निवेदकाचा आवाज चढत जातो आणि "झाऽऽली... भिर्रर्रर्र!" असा फुटतो. गुडघ्याची वाटी बदललेला शेठसुद्धा त्या आवाजाला उडी मारून उभा राहतो. चाकं दगडावर आपटतात, धुरळा उठतो, बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, संपते. शेठने प्रत्यक्षात काहीच पाहिलेलं नसतं, कारण त्याने डोळे मिटून खंडोबाला हाक मारलेली असते. पण पुढचे सहा महिने त्या बारीचं वर्णन त्याच्याइतकं बारकाईनं कोणी करू शकत नाही.

बैलाविषयी थोडं सांगितलं पाहिजे. एके काळी म्हणे हाच बैल आठवडाभर औत ओढायचा आणि यात्रेला पळायचा. आता औत ट्रॅक्टर ओढतो, ट्रॅक्टरचा हप्ता शेठ ओढतो आणि बैल फक्त पळतो. तालुक्यात रांजणगावला एमआयडीसी झाली, जमिनीला भाव आला. कोणी बंगला बांधला, कोणी स्कॉर्पिओ घेतली, कोणी पोराला पुण्यात शिकायला ठेवलं. आमच्या शेठनी खोंड आणला. खिल्लार, आदत, पांढराशुभ्र. त्याला सकाळी दूध, उडदाची डाळ, अंडी. गोठ्यात पंखा, खाली रबराची चटई, रात्री डासांसाठी धुरी. घाटाला जायचं तर पिकअपमध्ये भुसा अंथरून. पोरगा त्याच घाटाला एसटीने येतो. शेठच्या मंडळींनी एका वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळताना शेजारणीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "सात जन्म हाच नवरा दे बाई, माझं काय म्हणणं न्हाई. पर एक जलम तरी ह्यांच्या दावणीला दे."

घराण्याची परंपरा शेठ फार मागे नेतात. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इथे इंग्रजांची छावणी होती, पूना हॉर्स या घोडदळाचा तळ होता. 1809 मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसला सत्पुरुष मानून गावाने त्याच्या कबरीला धान्य वाहिलं, तो मान एखाद्या मामलेदाराला कधी मिळाल्याचं ऐकिवात नाही. भीमेच्या काठची भीमथडी तट्टं तर मराठ्यांच्या घोडदळाने सगळ्या हिंदुस्थानात नेलेली. शेठ हा सगळा इतिहास एका दमात सांगतात आणि शेवटी म्हणतात, "पळणं आपल्या रगतात हाय." स्वतः शेठ पाणंदीतून मोटारसायकल चालवतात तेव्हा मागून येणारी बैलगाडी वाट मागते, तो भाग वेगळा.

त्यांचं खरं कसब हरल्यानंतर दिसतं. जिंकणं काय, कोणालाही जमतं. गाडा दुसऱ्या नंबरात गेला की शेठ चहाच्या टपरीवर बाकडं धरतात आणि मग शास्त्र सुरू होतं. घोडी आडवी गेली. निशाण आधी पडलं. घाटात पाणी जास्त मारलं होतं. घाटात पाणी मारलंच नव्हतं. कोणाच्या तरी पोराने मधेच टोपी उडवली, बैल बिचकला. घड्याळवाला समोरच्या पार्टीच्या भाच्याचा साडू. "बैल नाय हरला पाव्हणं. बैल आलाच व्हता. घड्याळ हरलं." या वाक्यावर बाकड्यावरची सगळी माणसं माना हलवतात, कारण प्रत्येकाला आपापल्या गाड्यासाठी ते कधी ना कधी लागणार असतं.

अशा माणसाचा सुवर्णकाळ कोणता असेल? शर्यतींवर बंदी होती तो.

ते प्रकरण सुरू झालं जुलै 2011 मध्ये. केंद्र सरकारने खेळ करून दाखवायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या जोडीला बैलाचं नाव घातलं. शेठना पहिल्यांदा त्याचा अभिमानच वाटला. आपला बैल वाघसिंहाच्या पंगतीत बसला, यात सरकारचं काय चुकलं, असा त्यांचा सवाल होता. अर्थ उलगडला तो 7 मे 2014 ला, ऐन वैशाखात, सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्याही थांबवल्या तेव्हा. न्यायालय उगीच रागावलं नव्हतं. बैलाची शेपटी दातांनी चावणारे, काठीच्या टोकाला खिळा ठोकणारे महाभाग घाटात होते, आणि त्यांना दम देणारे शेठ मात्र मोजकेच होते. हे शेठना एकांतात मान्य असतं. चारचौघांत नसतं.

पण बंदीत एक चमत्कार झाला. शेठचा गाडा हरायचा थांबला. बंदीआधी ज्या बैलाने कसेबसे 13 सेकंद मारले होते, तो पहिल्या वर्षी गप्पांत साडेबारावर आला. पुढच्या यात्रेपर्यंत बाराच्या आत. मधे बिचारा म्हातारा होऊन वारला, तरी त्याचा वेग वाढतच राहिला. शेवटी शेवटी तो अकराच्या खाली उतरला आणि घोडीला मागे टाकून देवळाच्या पायऱ्या चढून गेला, असंही मी ऐकलं. समोर घड्याळ नाही, निशाण नाही, प्रतिस्पर्धी नाही. सात वर्षं शेठ अजिंक्य होते. जुन्या गाड्यांच्या ज्या थोर आठवणी आज घाटाघाटांत सांगितल्या जातात, त्यातल्या बऱ्याचशा या काळात पिकल्या आहेत.

काही जण मात्र गप्पांवर भागवणारे नव्हते. पहाटे, डोंगराआड, मोबाइल बंद करून बाऱ्या व्हायच्या. ऑगस्ट 2021 मध्ये आमदार गोपीचंद पडळकरांनी आटपाडी तालुक्यात झरे इथे पोलिसांना चकवून शर्यत उरकली, ती तर राज्यभर गाजली. अमेरिकेत साध्या बाजारी मोटारी पळवणाऱ्यांची नॅसकार नावाची संस्था 1948 मध्ये निघाली. तिथले बरेच जुने शर्यतवीर रात्री चोरटी दारू पोचवताना, पोलिसांना हुलकावण्या देत तयार झालेले. हे मी शेठना सांगितलं तर ते खूश झाले. फक्त एक दुरुस्ती त्यांनी केली: "त्यांचं आधी पोलीस न् मग शर्यत. आपलं आधी शर्यत न् मग पोलीस."

16 डिसेंबर 2021 ला न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. तालुक्यात फटाके वाजले, तेवढ्यात ओमायक्रॉन आला आणि परवानग्या पुन्हा लटकल्या. पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये खासदार अमोल कोल्हे दिलेला शब्द पाळायला खेड तालुक्यात निमगाव दावडीच्या घाटात गाड्यापुढे घोडीवर बसले. शेठनी ती बारी मोबाइलवर पुनःपुन्हा पाहिली आणि अभिप्राय दिला, "घोडी ब्येस हाय." त्याच उन्हाळ्यात चिखलीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस जेसीबी ठेवलं होतं. नारळ, फेटा आणि ढालीवर वाढलेल्या पिढीला हे झेपेना. जिंकलो तर डिझेल कोण घालणार, या काळजीने शेठनी त्या वर्षी नाव दिलं नाही. निदान कारण तरी असंच सांगितलं.

18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा कायम केला. आता सगळं रीतसर. चाबूक नाही, काठी नाही, विजेचा झटका नाही. छळ केला तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. बैलाच्या दृष्टीने उत्तम. शेठच्या दृष्टीने एकच गोष्ट वाईट झाली: घड्याळ इलेक्ट्रॉनिक आलं. ते कोणाच्या भाच्याचा साडू नसतं. निशाणापाशी लाल आकडे झळकतात, सेकंदाच्या पुढे मिली दाखवतात, आणि सगळी बारी मोबाइलमध्ये असते. बाकड्यावरच्या शास्त्राचं अतोनात नुकसान झालं.

म्हणून शेठनी नवा मार्ग काढला: नदीपलीकडचा बैल जोडीला घ्यायचा. भीमा ओलांडली की दौंड. तिकडच्या सपाट रानातली तऱ्हा वेगळी: दोन बैलांचा छकडा, आखलेल्या चाकोऱ्या, गट, सेमी, फायनल, आणि छकड्यावर उभा चांगला जिताजागता ड्रायव्हर. शेठचे व्याही तिकडचे, यवतजवळचे. दोघं चौफुल्याला भेटतात, संगीत बारीच्या बोर्डाखाली चहा घेतात आणि एकमेकांचा खेळ कसा पोरकट आहे हे आदराने सांगतात.

"व्याही, तुमचं आपलं चार बैलं न् गाड्यावर कोन न्हाई. देवाच्या भरवशावर कारभार."

"अन् तुमचं? मानूस गाडीवर बसून हारतो. निदान आमचं मानूस खाली उभं राहून हारतं, कपडे तरी फाटत न्हाईत."

या खेपेला बोलणं पुढे सरकलं होतं. व्याह्यांकडे एक चौसा बैल आहे, सपाटीला भारी. घाटात चालला तर जुगलबंदी करू, पैरा करू, बक्षीस निम्मं-निम्मं, पिकअपचं भाडं निम्मं-निम्मं, उडदाची डाळ ज्याची त्याने. सगळं ठरलं. व्याह्यांनी दुसरा चहा सांगितला, तेव्हा शेठनी खिशातून यात्रा कमिटीचा कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला आणि नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं मात्र माझंच नाव लागंल. मायकावर शेठ एकच."

व्याह्यांनी कागदाची घडी घातली, चहाचे पैसे आपल्यापुरते दिले, आणि बैल दौंडलाच राहिला.