मूळचं ते काय?

अलिबागच्या बाजूला जुनी जीप विकणारा माणूस आधी गाडी दाखवत नाही, वंशावळ सांगतो. माझ्यासमोर उभी होती ती एमएम 540. डीलर म्हणाला, "साहेब, घराणं थेट 1947 चं!"

घराण्याबद्दल तो खोटं बोलत नव्हता. महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी आपल्याकडे सुरू केली ती त्याच वर्षी. कंपनी त्याच्याही आधीची, 1945 ची, आणि तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलसुद्धा. इकडे 1948 साली मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्रा बसवला आणि 'एम अँड एम' बिनबोभाट चालू राहिलं. सुटा भाग बदलून गाडी पळवायची रीत या घराण्यात नावापासूनच आहे म्हणायची.

सोबत आणलेल्या मिस्त्रींनी खिशातून चुंबक काढून मडगार्डला लावलं. पडलं. वीतभर सरकवून लावलं, तिथूनही पडलं.

"पत्रा कुठाय?"

"पुट्टी कंपनीची आहे," डीलर म्हणाला.

खारा वारा बारमाही, त्यात वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्या भरतीच्या आत ओढून काढायचं पुण्यकर्म हिने वर्षानुवर्षं केलेलं. एवढं पुण्य पत्र्याला झेपत नाही. बॉनेटखाली प्यूजोच्या परवान्याचं 2112 सीसी डिझेल इंजिन असायला हवं. तिथे बोलेरोचं निघालं. गिअरबॉक्स भंगारातला, सीट कुणाच्या तरी रिक्षातल्या.

"मग मूळचं काय?"

डीलरने चॅसिसवरचा नंबर दाखवला. बरोबरच होतं त्याचं. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी रीपासिंग, पर्यावरण कर, आणि पेणच्या आरटीओत गाडीची ओळख पटते ती या आकड्यांवरून. बाकी सगळा लवाजमा त्या आकड्यांना बसवायला.

मिस्त्रींनी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्याचा नकाशा उमटला, खाड्यांसकट.

"हा शेवटचा तीन की आठ?" मी विचारलं.

"तुम्हाला कुठला पाहिजे?"

मिस्त्री माझं मनगट धरून फाटकाकडे ओढू लागले. जाता जाता मी हूड खाकी मिळेल का, तेवढं विचारून घेतलं.