पेढे परत मागू नका

रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आई यांस,


पार्सल शुक्रवारी पोचलं. लाडू सुखरूप आहेत. चकल्यांचा चुरा झालाय, तो आम्ही दह्यात कालवून खातोय. आई, करंज्या पाठवू नकोस म्हणून बजावलं होतं तरी तू पाठवल्यासच, त्यामुळे चिवड्यात सारण मिसळलंय. श्रीरंग म्हणतो, हा नवीन पदार्थ आहे, कृती विचारून घे. त्याला पानं गोळा करायला अंगणात पिटाळलंय. तो आत येईपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते.

काल पहाटे आईचा फोन आला तेव्हा आवाज असा होता, की मला वाटलं शकूआत्याच्या नव्या गुडघ्याचं काहीतरी बिघडलं. निघालं काय, तर बाबांनी ओजसच्या ८८.७५ टक्क्यांचे पेढे सगळ्या आळीत वाटले, जोशांकडेसुद्धा दिले (म्हणजे भिंतीचं भांडण मिटलं का? ते कुणी सांगतच नाही), आणि नंतर न्यू जर्सीच्या मनीषाने कळवलं की पोरगा ‘पार्शली’ आहे. आईने त्याचा अर्थ अर्धा नापास असा लावला आणि रात्रभर जागी राहिली.

बाबा, पेढे परत मागू नका. भागाकार तुमचा बिनचूक आहे. ४९७ भागिले ५६०, ८८.७५. फक्त इथली मोजपट्टी शून्यापासून निघत नाही, ४४० पासून निघते. सगळा पेपर चुकवलेल्या पोरालाही ४४० मिळतात, म्हणजे तुमच्या हिशेबाने ७८.५७ टक्के. डिस्टिंक्शन! ४७० ते ४९९ म्हणजे अपेक्षा अंशतः पूर्ण, ५०० पासून पुढे पूर्ण, ५३० पासून अपेक्षेहून जास्त. ओजसचं गणित तीन गुणांनी हुकलं, इंग्रजी ५०८ आहे. ऋताला गणितात ५३१. तिचे पेढे कुणी वाटले नाहीत हे तिच्या लक्षात आलेलं आहे, एवढं सांगून ठेवते. आणि मनीषाला म्हणावं, तुमच्या न्यू जर्सीची परीक्षा ६५० ते ८५० ची. तिथे बाबांनी भागाकार केला तर ७६ टक्क्यांच्या खाली एकही मूल सापडायचं नाही.

आई, तो नापास नाही. सातवीच्या या परीक्षेत नापास व्हायची सोयच नाही. इयत्ता अडत नाही, प्रगतिपुस्तकात मार्क जात नाहीत. दहावीला मात्र अडायचं. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये २००३ च्या बॅचपासून एमकॅस, म्हणजे हीच परीक्षा, पास झाल्याशिवाय हायस्कूलचं सर्टिफिकेट मिळत नसे. गेल्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर तो प्रश्नही मतपत्रिकेवर आला आणि सुमारे ५९ टक्के लोकांनी ती अट उडवून लावली. परीक्षा चालूच आहे, अट गेली. बाबा, दहावीच्या बोर्डावर आपल्याकडे असं मतदान घेतलं तर काय होईल? अठरा वर्षांखालचे पहाटे चारपासून रांगेत उभे राहतील.

मग ही परीक्षा कुणाची, असं तुम्ही विचाराल. शाळेची. १९९३ च्या कायद्यातून निघाली, १९९८ मध्ये सुरू झाली. आता तिसरी ते आठवी आणि दहावीच्या मुलांना दर वसंतात बसवतात आणि शरदात प्रत्येक शाळेची टक्केवारी जाहीर होते. वॉशिंग्टनचे साहेब मध्ये फार चढले होते. २००२ साली बुशसाहेबांनी सही केलेल्या कायद्यात २०१४ पर्यंत देशातलं झाडून प्रत्येक मूल वाचन-गणितात तरबेज व्हायचं होतं. १०० टक्के. २०१४ आलं आणि गेलं, २०१५ मध्ये गुपचूप दुसरा कायदा आला. तुमच्या जिल्हा परिषदेतल्या साहेबांना निदान मार्चअखेरपर्यंतचीच मुदत असायची.

आता आमची शाळा. राज्याच्या पश्चिमेला, डोंगरात, सातवी-आठवी मिळून ७६ मुलं. गेल्या वर्षीच्या सातवीत ३८. गणिताची टक्केवारी आठने घसरली, तर गावात हलकल्लोळ. स्थानिक पेपरात मथळा, शाळा समितीच्या सभेला नेहमीपेक्षा दुप्पट माणसं. एक आजोबा उठून म्हणाले, ही घसरण थांबवायला काय उपाय योजले? प्रिन्सिपॉलबाई शांतपणे म्हणाल्या, आठ टक्के म्हणजे आमच्याकडे तीन मुलं. नावं त्यांना सांगता येत नाहीत, कायदा आहे. पण सभागृहात बसलेल्या सगळ्यांना ती ठाऊक होती. एक पोरगी जानेवारीत दुसऱ्या राज्यातून आली, एकाची आई हिवाळाभर दवाखान्यात होती, आणि तिसरा आमच्या घरात राहतो आणि रोज तीन अंडी खातो.

ओजसला हे कळल्यापासून तो स्वतःला २.६ टक्के म्हणवून घेतो. भांडी लाव म्हटलं की तेवढाच हातभार लावतो.

बाबा, हा हिशेब तुम्हाला कोणी शिकवायला नको. तुमच्या द्विशिक्षकी शाळेत चौथीच्या स्कॉलरशिपला तीन बसले, तिन्ही पास झाले, दारातल्या फळ्यावर खडूने ‘१०० टक्के निकाल’ आणि वरून साहेबांचं कौतुकाचं पत्र. पुढच्या वर्षी दोन बसले, त्यातल्या एकाला गालगुंड. ५० टक्के. साहेब खुलासा मागायला आले तेव्हा तुम्ही ते फुगलेलं पोरगंच समोर उभं केलंत. परवा त्या सभेत मला सारखं तेच आठवत होतं आणि मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

(थांबा, ड्रायर वाजला. कपडे काढून आले.)

शाळेच्या निकालाच्या तक्त्यात पुढे वंशवार रकाने असतात: गोरे, काळे, हिस्पॅनिक, एशियन. ज्या रकान्यात दहापेक्षा कमी मुलं असतील तिथे आकडा छापत नाहीत, मुलं ओळखू येतील म्हणून. त्यामुळे आपली दोन्ही नातवंडं सरकारदरबारी एक आडवी रेघ आहेत. ऋता म्हणते, माझं ५३१ पण त्या रेघेतच गेलं का? शिवाय प्रत्येकाला ‘वाढीचा’ आणखी एक आकडा मिळतो, १ ते ९९. आधीच्या वर्षांत ज्यांचे गुण तुमच्यासारखेच होते त्यांच्या तुलनेत यंदा तुम्ही कुठे आहात, ते त्यातून कळतं. ओजसला ७१, ऋताला ३८. म्हणजे ‘अंशतः’वाला पुढे धावलाय आणि ‘अपेक्षेहून जास्त’वाली रमतगमत चाललीय. हे जेवताना वाचून दाखवायला नको होतं असं श्रीरंगला नंतर वाटलं. दार अजून हलतंय.

या सगळ्यात मला तो वाढीचा आकडा खरा वाटतो. पण तो पेपरात कुणी छापत नाही आणि घराच्या जाहिरातीतही येत नाही. इथे घर विकायला काढलं की संकेतस्थळावर खोल्या, बाथरूम आणि गॅरेजच्या खाली शाळेचे दहापैकी गुण असतात, आणि त्या गुणांत अशाच परीक्षांचे निकाल मिसळलेले असतात. मंडळाच्या गणपतीला बॉस्टनकडे गेलो तेव्हा लेक्सिंग्टन-अ‍ॅक्टनची मंडळी पानावर बसल्या बसल्या आधी तेच विचारत होती: तुमची शाळा कितीची? पूर्वी आपल्याकडे गोत्र विचारायचे, तसं. आमची सहाची आहे म्हटल्यावर एका काकूंनी माझ्या पानात आणखी एक मोदक वाढला.

परीक्षा घेतात कशी, ते ऐकाल तर बाबा तुम्ही घंटाच फेकून द्याल. वेळेचं बंधन नाही! मूल काम करत असेल तर शाळा सुटेपर्यंत लिहू द्यायचं. ऋता लवकर उठून पुस्तक वाचत बसली. ओजस शाळेची बस लागेपर्यंत एका त्रिकोणाशी झगडत होता. तुमचं ‘पेन खाली, हात वर’ इथे चाललं असतं तर तो ४७० लाच अडकला असता. गणिताची सूत्रं छापील देतात. दोन दिवसांतल्या एका दिवशी कॅल्क्युलेटरही देतात (आई, पावकी-निमकीचा विषय काढू नकोस, त्यांना मी अडीचकीपर्यंत आणलंय). मात्र वर्गाच्या भिंतींवरचे तक्ते, नकाशे सगळे कागद लावून झाकायचे. शिक्षकांनी प्रश्नाकडे बघायचंसुद्धा नाही. परीक्षा झाल्यावर मुलांनी प्रश्न कुणाला सांगायचे नाहीत. ओजसला विचारलं, त्रिकोणाचं काय होतं रे? म्हणाला, आई, मी बोलू शकत नाही. गणपतीत प्रसादाचे पेढे कुणी संपवले विचारल्यावरही आता हेच उत्तर मिळतं.

पार्सलमध्ये तळाशी आठवीचं शिष्यवृत्ती मार्गदर्शक निघालं. कुरिअरचं वजन लाडवांनी नाही, त्यानेच वाढवलं असणार. पण काल संध्याकाळी दोघं गालिच्यावर पालथी पडून ते वाचत होती. ओजस एकेका अक्षरावर बोट ठेवून. ‘द. सा. द. शे.’ हे कुठल्या राजाचं नाव, असं त्याने विचारलं. तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंय, ‘चि. ओजस व ऋता, रोज दोन पाने. घाई नको. आजोबा.’ बाबा, तुमच्या अक्षराची शिरोरेघ फूटपट्टीने मारल्यासारखी असायची, आता ती शेवटी खाली उतरते. डोळ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर, असं तुम्ही गेल्या दिवाळीतही म्हणाला होतात. ते पान मी फाडून फ्रीजवर लावणार होते, पण ओजसने फाडू दिलं नाही.

आई, नरक चतुर्दशीला इथे सोमवार आहे. अभ्यंगस्नान साडेपाचला आणि सव्वासातला बस. रांगोळी घराच्या आत काढणार, बाहेर पानं उडतात.

आता मुख्य कामाचं. बंडूचं ठरलं हे ऐकून इतका आनंद झाला की मी ऑफिसात रडले. मुलगी कोरेगावची, शिवाय बँकेत, शिवाय बंडूला गप्प बसवते म्हणता, म्हणजे छत्तीस गुण जुळले. पण मुहूर्त मेच्या पहिल्या आठवड्यात? गणित आणि विज्ञानाच्या परीक्षा नेमक्या एप्रिलअखेर ते मे. केंद्राचा नियम आहे की शाळेतल्या किमान ९५ टक्के मुलांनी परीक्षेला बसलंच पाहिजे, आणि आमचं राज्य विज्ञानातही तेच मोजतं. आमच्या शाळेत विज्ञान फक्त आठवीला. आठवीत ३८ मुलं. आपली दोन उचलून वाईला आणली तर उरले ३६, म्हणजे ९४.७ टक्के. गेली शाळा ९५ च्या खाली! मी प्रिन्सिपॉलबाईंना सुट्टीचं विचारायला गेले तर त्या नाही म्हणाल्या नाहीत. ओजस-ऋताकडे बघितलं, मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाल्या, लग्न महत्त्वाचं आहे हो. मग कॅलेंडर उघडून बसल्या. एखाद्या पोराला त्या आठवड्यात नुसती सर्दी झाली तरी आमच्याकडेच बघतील सगळे. अख्ख्या गावच्या शाळेची लाज आपल्या जुळ्यांच्या हातात आहे. बंडू जन्मला तेव्हा कुणाला वाटलं असतं, की त्याच्या लग्नाचा मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण खात्याशी संबंध येईल?

मुलांना इथे ठेवून मी एकटी येणार नाही. नंदूकाकांच्या वैशालीचं लग्न मी फोनवर बघितलं, शेवटच्या ‘सावधान’ला नेट गेलं आणि परत आलं तेव्हा पंगत बसलेली होती. बंडूची करवली मी आहे. मला कऱ्हा घेऊन उभं राहायचंय, तेही इस्त्री मोडलेल्या शालूत.

मी पंचांग बघितलंय. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यात लग्न नाहीच. शाळेला १८० दिवस भरवावेच लागतात आणि बर्फाच्या सुट्ट्या जूनमध्ये भरून काढतात, तेव्हा २० तारखेपर्यंत आमचं काही खरं नाही. २५ जूनच्या पुढचा आणि आषाढीच्या आतला मुहूर्त काढा. कोरेगावकर पेरण्यांचं कारण सांगतील, पावसाचंही सांगतील. कार्यालयाला छप्पर आहे म्हणावं. श्रीरंगला या तारखा फार पसंत आहेत, कारण धोंड्याचे ३३ अनारसे थकबाकीसह वसूल करता येतील असा त्याचा हिशेब आहे. आई, त्याला कमी तुपातले दे, इथल्या डॉक्टरने कोलेस्टेरॉलचा आकडा सांगितलाय आणि त्याला मात्र मोजपट्टी शून्यापासूनच आहे.

बापट गुरुजींना आजच गाठा, बंडूकडून कोरेगावला फोन करवा आणि तारीख या आठवड्यात कळवा. तिकिटं रोज चढताहेत.

सौ. मंजू

ता. क. ऋताच्या ५३१ चे पेढे वाटा. जोशांना दोन द्या.