आई अर्धी, आजी शून्य

एसटीच्या हिशोबाने आमच्या घरात पाच माणसं नाहीत, दोनच आहेत. नवरा एक. मी अर्धी आणि आठ वर्षांची थोरली अर्धी, अशा आम्ही मायलेकी मिळून दुसरं माणूस. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, म्हणून त्या शून्य. धाकटी चार वर्षांची, तीही शून्य. ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि पाच ते बारा वर्षांच्या पोरांचं अर्धं तिकीट तर मी स्वतः फ्रॉकमध्ये होते तेव्हापासूनचं. या सगळ्या सवलती आमच्याच उंबऱ्यात येऊन बसल्या आणि पूर्ण भाडं देणारा घरात एकटा नवरा उरला. या गोष्टीचा त्याला अभिमान वाटतो की वाईट वाटतं, ते अजून नीट कळलेलं नाही.

मला मात्र माझं अर्धेपण एकदम पटलं. महामंडळाला माझ्या घरचं कोणी सांगितलं, एवढाच प्रश्न पडला. थोरलीच्या जन्मापासून मी पूर्ण अशी असते कुठे? चहा अर्धा होतो, उरलेला गार होतो. पोळी खाते ती धाकटीने टाकलेली अर्धी. बहिणीला फोन केला की वाक्याचा पहिला अर्धा भाग तिच्यासाठी असतो आणि दुसरा, "ते आधी तोंडातून काढ!" हा तिच्यासाठी नसतो. तिलाही मुलं आहेत, तीही तिकडून तशीच बोलते. त्यामुळे आमचं छान जमतं. गेल्या दिवाळीत बहुधा आम्ही दोघींनी मिळून एक पूर्ण संभाषण केलं, पण त्यातलं कोणतं वाक्य कोणाचं, हे सांगता येणार नाही. ही तक्रार नव्हे. तक्रार करायलाही सलग पाच मिनिटं लागतात.

तर अशा दोन माणसांनी, म्हणजे पाच जणांनी, एका रविवारी पुण्याहून वाईला जायचं ठरवलं. गाडी भाड्याने करू, असं नवरा म्हणत होता. सासूबाईंनी ते मोडून काढलं. फुकट मिळणारी एसटी सोडून गाडी करायची म्हणजे त्यांच्या मते सरकारचा अपमान. शिवाय त्यांचं आणि एसटीचं नातं जुनं आहे. पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला गेली आणि सासूबाईंचा जन्मही त्याच वर्षीचा. दोघींची हाडं आता कुरकुरतात, पण दोघी वेळेवर निघतात. निदान सासूबाई तरी.

सामान भरण्याविषयी जास्त बोलत नाही. दशम्या, लसणाची चटणी, पाण्याच्या बाटल्या, मुलींचे कपड्यांचे जादा जोड, ओले रुमाल, कोरडे रुमाल, आणि खंबाटकी घाटासाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. सासूबाईंची पिशवी स्वतंत्र असते. तिच्यात आवळासुपारी, जुनी वर्तमानपत्रं, एकीत एक अडकवलेल्या सेफ्टी पिनांची माळ आणि तीन पदरी गुंडाळलेलं आधार कार्ड. कंडक्टर अजून पुढच्या रांगेत असतो, तेव्हाच त्या आधार कार्ड बाहेर काढतात. त्याने वय विचारावं अशी त्यांची फार इच्छा असते, आणि एकदा बघून त्याने "खरंच का आजी?" म्हणावं अशी त्याहून जास्त.

स्वारगेटला नवऱ्याने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. हे काम तो मनापासून करतो. अर्धं तिकीट म्हणजे अर्धी सीट असं काही नसतं, सीट पूर्णच मिळते. पण धाकटीला स्वतंत्र जागा नाही, ती माझ्या मांडीवर, आणि तिच्या बाहुलीला बसायला माझ्या शेजारची वीतभर. म्हणजे महामंडळाने दिलेली सूट पोरीने जागच्या जागी वसूल केली.

कंडक्टर आला. नवऱ्याचं पूर्ण तिकीट फाटलं, आमच्या दोघींची अर्धी फाटली, सासूबाईंना शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. ते त्यांनी कपाळाला लावलं. धाकटी हात पुढे करून बसली होती. तो पुढे गेला.

"माझं?"

"तुला तिकीट लागत नाही बाळा. तू लहान आहेस."

"आजीला लागत नाही, तरी दिलं."

यावर घरातल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. शून्य आणि काहीच नाही यांत फरक आहे, हे मला शाळेत कुणी समजावलं नव्हतं. धाकटीने ते शिरवळ यायच्या आत स्वतःच शोधून काढलं. मग पुढचा प्रश्न आला. "म्हणजे मी बसमध्ये नाहीये का?" थोरलीने लगेच, "नाहीयेस," असं सांगून टाकलं आणि भोंगा सुरू झाला. शेवटी सासूबाईंनी आपलं तिकीट तिला दिलं. म्हणाल्या, "माझं तू ठेव, माझ्याकडे कार्ड आहे." पोरगी वाईपर्यंत ती चिठ्ठी मुठीत धरून होती. वाईला मूठ उघडली, तेव्हा शाईही हातावर आली होती आणि दशमीचं तेलही.

मूल नक्की कितव्या वर्षी माणूस होतं, यावर सरकारी खात्यांचंही एकमत दिसत नाही. एसटीत पाच वर्षांपर्यंत ते हिशोबात नसतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेत तीन वर्षं पूर्ण झाली की तिकीट लागतं, म्हणजे हत्तीच्या दृष्टीने आमची धाकटी आहे आणि कंडक्टरच्या दृष्टीने नाही. रेल्वेचा न्याय आणखी वेगळा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६पासून पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. म्हणजे आडवं झालं की मूल मोठं होतं. हे मला मान्य आहे. आमच्या पलंगावर दोघी आडव्या झाल्या की आम्हां दोघांना काठ उरतो.

खंबाटकीला मी पिशवी हातात धरूनच बसले होते. धाकटीला मात्र ओकारीपेक्षा बोगद्याची काळजी. बोगद्यातून जायचं, एवढ्या एका कबुलीवर ती सकाळी साडेपाचला उठली होती. पण आम्ही गेलो तेव्हा साताऱ्याकडे जाणारी गाडी घाट चढून जायची आणि बोगदा लागायचा पुण्याकडे परत येताना. हे तिला समजावलं.

"बोगदा येताना आहे."

"मग आधी येऊया."

एवढं सरळ बोलणं मला लग्नानंतर फार कमी ऐकायला मिळालं आहे.

वाईला ढोल्या गणपती. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ, अगदी कृष्णेच्या काठावर. पाठीमागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. नवरा हे थोरलीला समजावत होता, हातांनी मासा करून, पाणी करून. थोरली ऐकत होती आणि मला वाटत होतं की आज आपणही एखादी गोष्ट शेवटपर्यंत ऐकणार. धाकटी मूर्तीकडे बघत होती. गणपती खरंच प्रचंड आहे, गाभारा त्याला आखूड झाल्यासारखा वाटतो.

"हा उठला तर दारातून जाणार कसा?"

"देव उठत नाहीत, बसूनच असतात," सासूबाई म्हणाल्या.

"मग त्याला शू लागली तर?"

हा प्रश्न देवाविषयी नाही, हे ओळखायला आई असावं लागतं. मी तिला उचललं आणि चालू पडले. माशाचं पाणी तिथेच राहिलं.

बायकांचा, त्यातून लेकुरवाळ्यांचा, प्रत्येक गावाचा एक वेगळा नकाशा असतो. तो कुठल्या पर्यटन पुस्तिकेत छापत नाहीत. सावली कुठे, नळ कुठे, कोणत्या हॉटेलात काही न घेता आत सोडतात, कुठे कडी लागते आणि कुठे एकीने बाहेर उभं राहून दार धरावं लागतं, हे सगळं त्यात असतं. मला पन्हाळ्याच्या तटबंदीचं विचाराल तर सांगता येणार नाही, पण वाहनतळाजवळ काय सोय आहे ते सांगेन. वाईत सोय सापडेना. शेवटी घाटामागच्या गल्लीत एका ओट्यावर गहू निवडत बसलेल्या बाईंनी धाकटीचे आवळलेले गुडघे बघूनच दार उघडलं. काही विचारलं नाही. "मागच्या अंगणात, उजवीकडे," एवढंच. बाहेर आलो तर त्यांनी दोघींच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि मला बसायला सांगितलं. मी बसले. पुण्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा मांडीवर कोणी नव्हतं. त्यांना तीन नातवंडं, तिन्ही मुंबईला. आम्ही पंधराएक मिनिटं गव्हातल्या खड्यांवर बोललो. तेवढ्यात देवळासमोर बाकीच्यांचं सगळं बघून झालं.

"अगं, काय सुंदर नंदी होता शेजारच्या देवळात, तू चुकवलास," नवरा म्हणाला. चुकवला असेन. पण वाईचं एक अंगण मी पाहिलं, ते त्याने चुकवलं. दोघांचं मिळून एक वाई झालं म्हणायचं.

याच गावात मराठी विश्वकोश तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथे बसून जगातलं ज्ञान मराठीत आणायचा पसारा मांडला आणि १९७६ मध्ये पहिला खंड निघाला. आता वीस झाले आहेत. नवऱ्याने हे सांगितल्यावर धाकटीने शंका काढली, की एवढा मोठा गणपती वाहून नेताना उंदराला दम लागत असेल का, हे त्या पुस्तकात आहे का. वीस खंडांत ती नोंद नसावी. असली तर ती लिहिणाऱ्याच्या घरी नक्कीच चार वर्षांचं कोणीतरी होतं.

दशम्या कृष्णेच्या घाटावर खाल्ल्या. म्हणजे त्यांनी खाल्ल्या, मी कडा खाल्ल्या. मग रिक्षाने मेणवलीला गेलो, तीनेक किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा नवऱ्याला बघायचा होता, सासूबाईंना 'स्वदेस' सिनेमात दिसलेला घाट बघायचा होता, आणि मुलींना पाण्यात पाय घालायचे होते. तिन्ही गोष्टी एकाच जागी, हे मेणवलीचं मोठेपण. तिथे घाटावर एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळाला घेतलेली मेरी आहे.

"ही शाळेची घंटा आहे?" धाकटीने विचारलं.

"नाही, चर्चची."

"मग चर्च सुटलं का?"

सुटलं म्हणायला हरकत नाही. वसईहून निघालेली घंटा, कृष्णाकाठी येऊन, शंकराच्या शेजारी टांगली गेली. मी मात्र त्या मेरीकडे बघत राहिले. धाकटी तेव्हा माझ्या कडेवर होती, "पाय दुखतात" या कारणाने, जे कारण पाणी दिसलं की नाहीसं होतं. तीनशे वर्षं ही बाई एकाच हातावर मूल घेऊन आहे. धातूची आहे म्हणून दंड भरून येत नसेल. नवऱ्याने आमचा फोटो काढला. त्यात घंटा पूर्ण आली आहे, धाकटी पूर्ण आली आहे, आणि माझा डावा खांदा आणि अर्धी वेणी आली आहे. आमच्या सगळ्या सहलींचे फोटो असेच आहेत. पुढेमागे कोणी ते लावून बघितले तर त्याला वाटेल, या मुलींना एक हात होता आणि तो फार प्रेमळ होता.

परतीची गाडी भरून आली. या वेळी रुमाल उपयोगी पडला नाही. एका कॉलेजच्या मुलाने सासूबाईंना जागा दिली, तर त्यांनी त्याला आधार कार्ड दाखवलं. गाडी सुरूर फाट्याला हमरस्त्याला लागली आणि बोगदा दहा मिनिटांवर असताना धाकटी झोपली. नुसती पेंगली नाही, गाढ झोपली. दिवसभर ज्याच्यासाठी जीव टाकला तो बोगदा समोर, आणि हिचं तोंड उघडं. उठवावं की नाही, यावर आमच्यात फूट पडली. नवरा म्हणाला, वचन दिलंय. सासूबाई म्हणाल्या, झोपलेल्या पोराला उठवू नये. मी माझ्या स्वभावाप्रमाणे अर्धवट हलवलं. तेवढ्यात थोरलीने मोठ्या बहिणीचं कर्तव्य म्हणून तिच्या कानात "बोगदाऽऽ" असं ओरडून घेतलं. धाकटी दचकून उठली ती नेमकी आत, काळोखात, पिवळ्या दिव्यांमध्ये. आम्ही बोगदा संपेपर्यंत रडलो. बाहेर उजेड आल्यावर ती म्हणाली, "आता बोगदा दाखवा."

घरी पोचल्यावर मी मुलींचे पाय धूत होते आणि बाहेर सासूबाई पुढच्या रविवारचं ठरवत होत्या. नरसोबाची वाडी, मग पंढरपूर, मग अक्कलकोट. एकदा शून्याचं तिकीट हाती लागल्यावर महाराष्ट्र त्यांना आता लहान पडायला लागला आहे. थोरली वहीत हिशोब मांडत होती. तिला शाळेत नुकतेच पाव, अर्धा आणि पाऊण झाले आहेत.

"आजी, तुला आणि हिला फुकट. आईला आणि मला अर्धं-अर्धं. म्हणजे आपण चौघी मिळून एका तिकिटात जातो."

"आणि मी?" नवऱ्याने विचारलं.

थोरलीने आणखी एक ओळ लिहिली, बेरीज केली आणि वही आजीकडे दिली. सासूबाईंनी चष्मा वर सरकवून बघितलं.

"तू ये की," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "पण तुला न्यायचं म्हणजे खर्च एकदम दुप्पट होतो रे."