इतिवृत्त कायम

तुमसर म्हटले की बहुतेकांना तांदूळ आठवतो, थोड्यांना चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आठवतात, आणि रेल्वेने फिरणाऱ्यांना तुमसर रोड हे जंक्शन आठवते, जे तुमसरात नसून देव्हाडीला आहे. (रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावापुढे 'रोड' लागले की ओळखावे, गाव अजून यायचे आहे.) तुमसरची पंचायत समिती मात्र कोणालाच आठवत नाही, आणि तिने तशी अपेक्षाही ठेवलेली नाही. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961 चा, तो अमलात आला 1 मे 1962 ला, आणि तेव्हापासून राज्यातल्या पंचायत समित्यांची महिन्याकाठी एक सभा भरते. तुमसरात वीस गणांचे वीस सदस्य, वर सभापती, बाजूला सचिव म्हणून गटविकास अधिकारी, आणि समोर शिक्षणापासून पशुसंवर्धनापर्यंतचे खातेप्रमुख किंवा त्यांनी पाठवलेले प्रतिनिधी. विषय क्रमांक एक, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. शेवटचा विषय, 'मा. सभापतींच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. मधल्या विषयांवर चर्चा होते, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होतात, आणि गावोगावचे लोक म्हणतात की इथे काम काहीच होत नाही. या लोकांचे निरीक्षण बरोबर आहे, तक्रार तेवढी चुकली आहे. मासिक सभा हे काम करण्याचे ठिकाण नव्हेच. ते न झालेले काम न विसरण्याचे ठिकाण आहे, आणि तो धंदा ती चोख करते.

पुरावा म्हणून मामा तलाव घ्या. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. इथल्या धानाच्या बांध्या पिढ्यान्‌पिढ्या तलाव-बोड्यांच्या (बोडी म्हणजे लहान तळे) भरवशावर हिरव्या राहिल्या. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली 1951 मध्ये, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी'ची आद्याक्षरे जोडून कागदोपत्री त्यांचे 'मामा तलाव' झाले. ज्याच्याकडे हक्काने जायचे तो मामा, आणि ज्याला फसवायचे त्यालाही आपण मामाच बनवतो. सरकारी लघुरूपात एवढा अर्थ क्वचितच सापडतो. पूर्वी पाळ फुटली तर गाव कुदळी घेऊन धावायचे. आता पाळ सरकारची झाल्यामुळे गाव अर्ज घेऊन धावते. लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आहेत. गाळ साचतो, पोटात अतिक्रमण होते, काठाने बेशरम माजते (वनस्पतीच, गैरसमज नसावा), आणि सदस्य सभेत उठून विचारतो, 'आमच्या बोडीचं का झालं?' यावरच्या उत्तरांना ऋतुमान असते. उन्हाळ्यात अंदाजपत्रक तयार करण्याचे काम चालू असते, पावसाळ्यात पाणी असल्याने मोजमाप शक्य नसते, हिवाळ्यात प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे सादर झालेला असतो, आणि मार्चमध्ये सगळे काही निधीच्या उपलब्धतेनुसार असते.

हे वाचून हसू येते, पण थोडे थांबून पाहा. ज्या अभियंत्याने 'काम चालू आहे' असे सांगितले त्याची बदली होते. फाइल एका कपाटातून दुसऱ्यात जाते आणि वाटेत कैलासवासी होते. ज्या सदस्याने प्रश्न विचारला तो पुढच्या निवडणुकीत आरक्षण फिरल्यामुळे घरी बसतो. एवढ्या सगळ्या पळापळीत जागचे हलत नाही ते इतिवृत्त. नवा अभियंता हजर होतो, खुर्चीत बसतो, आणि त्याच्यापुढे अनुपालन अहवाल येतो. मुद्दा क्रमांक चार, बोडी. त्याने ती पाहिलेली नसते, तरी ती त्याला ओळखते. 'कायम करणे' या शब्दांत कोणा जुन्या कारकुनाने मोठा विनोद करून ठेवला आहे. इतिवृत्त कायम होते आणि त्याबरोबर प्रश्नही कायम होतो. पण कायम झालेला प्रश्न मेलेला नसतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानंतर तर दहा रुपयांचे तिकीट लावून कोणीही तो मागवू शकतो आणि गेल्या दोन वर्षांत उत्तराचा एखादा शब्द तरी बदलला का, हे तपासू शकतो. 'प्रस्तावित' वरून 'मंजूर' वर जायला किती सभा लागल्या याचा हिशेब दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

सभा नसली तर काय होते, हेही महाराष्ट्राने करून पाहिले आहे. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या, आणि प्रशासक आले. पंचायत समितीत प्रशासक कोण, तर गटविकास अधिकारी. म्हणजे उत्तर ज्याने द्यायचे त्यानेच प्रश्न विचारायचा, सूचक तोच, अनुमोदक तोच, आणि आभारही त्याने स्वतःचेच मानायचे. अशा सभेत मतभेद व्हायला माणूस फारच चंचल असावा लागतो. भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत डिसेंबर 2021 आणि जानेवारी 2022 मध्ये मतदान उरकले होते, म्हणून इथे वीस माणसे गलका करायला शिल्लक राहिली. यावर कोणी विचारील, की मग भंडाऱ्यात बोड्या जास्त दुरुस्त झाल्या का? तसा दावा मी केलेलाच नाही. इथे त्यांच्याबद्दल विचारणारा आवाज उत्तर देणाऱ्याच्या आवाजाहून वेगळा होता, एवढेच म्हणतो. प्रशासकाच्या कारभारात कामे कदाचित झटपटही होत असतील. पण जे झाले नाही त्याची नोंद कोण करणार?

दुसरा आक्षेप जास्त जोरदार आहे. पंचायत समितीच्या हातात आहेच काय? तिला स्वतः कर लावता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले ऐंशी टक्के ग्रामपंचायतीला, दहा जिल्हा परिषदेला आणि उरलेले दहा हिला, असे वाटप ठरले. त्यातही बंधित आणि अबंधित असे दोन प्रकार, म्हणजे दहाच रुपये खिशात आणि त्यातले सहा पाणी-स्वच्छतेच्या दाव्याला बांधलेले. हे सगळे मान्य. पण ज्याच्याकडे पैसा नाही त्याने निदान लक्षात ठेवावे, ही अपेक्षा उलट जास्त रास्त आहे. श्रीमंत माणूस विसरला तर चालते, त्याच्याकडे कारकून असतो.

राहिला कागदाचा आक्षेप, की इथे नुसते कागदच रंगतात. ग्रामपंचायतीचे नमुने एक ते तेहेतीस, पहिला अंदाजपत्रकाचा आणि तेहेतिसावा वृक्ष नोंदवहीचा. झाडांचा नंबर शेवटी लागावा हे नमुन्यांनी तरी प्रामाणिकपणे मान्य केले. 2024 मध्ये ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला आणि तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी, गावाने मात्र दोघांना जुन्याच नावाने हाक मारणे चालू ठेवले. या कागदांची थट्टा ज्याचे घर नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत, आहे त्यानेच करावी. ज्याचे नाही, त्याला घरकुलाच्या अर्जाच्या वेळी कळते की भिंतीपेक्षा नोंद पक्की असते. तक्रारीसाठी आता पोर्टल आहे, मग सभा कशाला, असेही म्हणतात. पोर्टलवर तक्रार निकाली निघते. सभेत ती निकाली काढायला वीसजणांच्या तोंडाकडे पाहून 'निकाली' म्हणावे लागते, आणि ते जड जाते.

मग येतात ठराव. धानाला बोनस द्यावा, खरेदी केंद्रावर बारदाना वेळेवर पोचवावा, असे ठराव सर्वानुमते होतात. यातली एकही गोष्ट पंचायत समितीच्या हातातली नाही. बोनस मुंबईत ठरतो आणि धान खरेदी पणन महासंघ करतो. ठराव म्हणजे ज्याला आपण काही करू शकत नाही त्याला लिहिलेले पत्र, आणि अशी पत्रे माणसे देवालाही लिहितात. देवाकडे मात्र जावक क्रमांक मागत नाहीत.

सभेची खरी कसोटी जुलैत लागते. रोवणी चालू असते, पऱ्हे (धानाची रोपे) तयार असतात, बाया मिळत नाहीत, आणि सभेची नोटीस नेमकी तेव्हाच निघते. ग्रामसभेची तर कथाच वेगळी. तिला गणपूर्तीसाठी पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसे, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. माणसे नसल्यामुळे बंद पडलेली सभा माणसांशिवाय चालू करण्याची ही युक्ती ज्याला सुचली तो नक्की धानपट्ट्यातला असणार. पंचायत समितीचे सदस्यही चिखलाचे पाय धुऊन उशिरा येतात, इतिवृत्त कायम होते, मुद्दा क्रमांक चार निघतो. बाहेर आठ दिवसांची झड लागलेली असते. विभागाचा माणूस उठून सांगतो की तलावात पाणीसाठा असल्यामुळे काम करता येत नाही, आणि वर्षातून या एका महिन्यात ते खरे असते.